स्टॅटिक आयपी, बंद घर आणि मायक्रोटिक हेक्स: घ्यावा का, आणि घेतल्यावर कसा लावावा

पुण्या-मुंबईत नोकरी आणि चिपळूणला किंवा देवगडला वर्षातले दहा महिने बंद असलेलं घर. त्या घरात चार कॅमेरे आणि एक एनव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रीकरण साठवणारा रेकॉर्डर. कॅमेरे बसवणारा फोनवर कंपनीचं क्लाउड ॲप टाकून देतो आणि निघून जातो. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. पण आपल्या अंगणाचं चित्रीकरण तिसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून यायला नको असेल, किंवा कॅमेऱ्यांबरोबर घरचा नॅस (नेटवर्कवरची फायली साठवायची पेटी) आणि पंपाचा कंट्रोलरही बाहेरून हाताळायचा असेल, तर ब्रॉडबँडवर स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यावा आणि त्या पत्त्यावर एकच, भक्कम कुलपाचं दार ठेवणारा राउटर लावावा. या कामासाठी मायक्रोटिक कंपनीचा हेक्स हा राउटर कसा आहे, ते इथे पाहू.

हेक्स नावाची एकाहून जास्त यंत्रं बाजारात आहेत. इथे बोलतो आहोत ते जुन्या आरबी७५०जीआर३ बद्दल. त्यात ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १६ एमबी स्टोरेज आणि पाच गिगाबिट पोर्ट आहेत. वायफाय नाही. वायफायसाठी ब्रॉडबँड कंपनीने दिलेला किंवा घरात पडून असलेला राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पुरवणारं यंत्र, म्हणून लावावा लागतो. तो लावताना त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करून केबल त्याच्या लॅन, म्हणजे घरच्या बाजूच्या, पोर्टमध्ये खोचायची. वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टमध्ये, खोचली की घरात नॅटच्या (अनेक उपकरणांना एका पत्त्यामागे बसवणाऱ्या सोयीच्या) आत नॅट तयार होतो आणि मग अर्धी उपकरणं एकमेकांना सापडत नाहीत.

राउटर विकत घेण्याआधी जोडणी तपासावी. सध्याच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघायचा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता सार्वजनिक आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे कंपनीच्या पातळीवरच्या नॅटच्या, मागे आहात. आयपीव्ही४ या नेहमीच्या चार आकड्यांच्या पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. १००.६४ चा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवता यावेत म्हणून. सीजीनॅटमागे असताना घरच्या राउटरवर कितीही पोर्ट (इथे खाच नव्हे, एकेका सेवेचा क्रमांकाचा दरवाजा) उघडले तरी उपयोग नाही, कारण बाहेरून आलेलं डेटाचं पाकीट कंपनीच्या यंत्रापाशीच अडतं. बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारा डायनॅमिक डीएनएससुद्धा इथे निकामी ठरतो. त्याच्या नावामागे नोंदला जाणारा पत्ता तुमच्या एकट्याचा नसतोच.

स्टॅटिक आयपी मागताना कंपनीला तीन गोष्टी आधीच विचाराव्यात आणि उत्तर ईमेलवर घ्यावं. पहिली, पत्ता पीपीपीओईवर (युझरनेम-पासवर्डने लॉगिन करायच्या पद्धतीने) मिळणार की हाताने भरायचा. बहुतेक घरगुती जोडण्यांवर युझरनेम-पासवर्ड तोच राहतो आणि कंपनीचा सर्व्हर दर वेळी तोच पत्ता देतो. काही ठिकाणी पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस असे चार आकडे कागदावर मिळतात. दुसरी, ओएनटी (फायबर जिथे येऊन थांबते ती कंपनीची पेटी) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटर न होता जोडणी सरळ पुढे सोडेल असा, करून देणार का आणि व्हीलॅनचा, म्हणजे जोडणीच्या पाकिटांवरच्या लेबलचा, क्रमांक काय. तिसरी, प्लॅन बदलला किंवा बिल थकलं तर पत्ता टिकतो की नवा मिळतो. या तिसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. नवा पत्ता मिळाला की प्रत्येक फोनमधली जोडणी पुन्हा भरावी लागते, आणि घरातल्या चौघांपैकी दोघे परदेशात असतील तर ते काम सोपं राहत नाही. स्टॅटिक आयपीचं शुल्क प्लॅनच्या रकमेहून वेगळं असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही हिशोबात धरावं.

ओएनटी ब्रिजमध्ये गेला की पीपीपीओईचा डायल हेक्सवरून करायचा. हेक्सचा पहिला पोर्ट ओएनटीला आणि बाकीचे चार घरासाठी. लॅपटॉपवर विनबॉक्स (मायक्रोटिकचा सेटिंग करायचा प्रोग्राम) उघडला की राउटरला आयपी नसला तरी तो मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, सापडतो. ही सोय फार मोलाची आहे, कारण चुकीचा आयपी भरून स्वतःलाच बाहेर ठेवलं तरी परत आत शिरता येतं. आधी पासवर्ड बदला, मग सिस्टिममधल्या पॅकेजेसमध्ये जाऊन राउटरओएसची, म्हणजे हेक्सवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी स्थिर आवृत्ती घ्या. त्यानंतर सिस्टिममधल्याच राउटरबोर्डमध्ये अपग्रेड दाबून पुन्हा एकदा रीबूट करा. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात. बाहेरून घरात यायचा सुरक्षित बोगदा, म्हणजे टनेल, करणारा वायरगार्ड फक्त सातव्या आवृत्तीत आहे, म्हणून जुन्या सहाव्या आवृत्तीवर असलेला हेक्स आधी वर आणावा लागतो. स्टोरेज १६ एमबीच असल्यामुळे जादा पॅकेजेस टाकू नयेत आणि बॅकअपच्या फायली यंत्रावर साठवू नयेत. जागा संपली की पुढचं अपडेट अडतं. यंत्राला मायक्रोएसडीची खाच आहे, लॉग ठेवायचे असतील तर तिथे ठेवावेत.

पीपीपीओईचा नवा इंटरफेस तयार करताना 'ॲड डिफॉल्ट राउट'वर खूण हवी. व्हीलॅनचं लेबल ओएनटीच लावत असेल तर हेक्सवर व्हीलॅन करू नका. ओएनटी लावत नसेल, तर पहिल्या पोर्टवर व्हीलॅन इंटरफेस करून पीपीपीओई त्याच्यावर चालवा. दोन्हीकडे लेबल लावलं की डायल नुसता 'कनेक्टिंग'वर फिरत राहतो. सगळं बरोबर भरूनही तो फिरतच असेल तर कंपनीने जुन्या राउटरचा मॅक बांधून ठेवलेला असू शकतो. फोन करून तो सोडवून घ्या किंवा जुना मॅक हेक्सच्या पहिल्या पोर्टवर टाका.

नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ पुढच्या ठिकाणी जातो. हेक्सची मूळ फायरवॉल पोर्टच्या नावांवर चालत नाही, इंटरफेसच्या याद्यांवर चालते. यादी दोन नावांची आहे: वॅन आणि लॅन. पहिला पोर्ट वॅनच्या यादीत असतो, पण हाताने केलेली पीपीपीओईची जोडणी आपोआप त्यात जात नाही. ती 'इंटरफेस लिस्ट'मध्ये जाऊन वॅनला जोडायची. नाही जोडली तर मास्करेडचा, म्हणजे घरातले पत्ते सार्वजनिक पत्त्यामागे झाकणारा, नियम तिला लागू होत नाही. मग राउटरवरून पिंग जातो, पण घरातल्या एकाही फोनवर इंटरनेट चालत नाही. शिवाय 'वॅनमधून आलेलं आणि पुढे न वळवलेलं टाकून दे' हा नियमही त्या जोडणीवर काम करत नाही. दोन्ही दोषांचं मूळ एकच.

काही इन्स्टॉलर हेक्स आल्याबरोबर मूळ सेटिंग पुसून कोरा करतात आणि फक्त मास्करेडची एक ओळ लिहून मोकळे होतात. असं कोणी केलं असेल तर ते यंत्र सार्वजनिक पत्त्यावर ठेवू नका. त्यावर एकही फिल्टर नसतो. डीएनएसमध्ये 'अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स' चालू असेल तर जगातलं कोणीही त्याच्याकडे विचारणा पाठवू शकतं आणि तुमची जोडणी दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी वापरली जाते. मूळ फायरवॉल चांगली लिहिलेली आहे. तिच्यावरच भर घालावी.

घरातले पत्ते ठरवताना १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० चा पट्टा मुद्दाम टाळा. बाहेर ज्या वायफायवर फोन असेल तिथेही तोच पट्टा असण्याची शक्यता खूप, आणि मग फोन घरच्या एनव्हीआरऐवजी त्या हॉटेलच्या नेटवर्कमध्ये शोधत बसतो. हेक्सचा मूळ १९२.१६८.८८ चा पट्टाही मायक्रोटिक लावलेल्या प्रत्येक ठिकाणी सापडतो. १९२.१६८.७३ सारखा आडवळणाचा आकडा घ्या. एनव्हीआरला समजा १९२.१६८.७३.६४ द्यायचा आहे. डीएचसीपी सर्व्हरच्या 'लीजेस'मध्ये 'मेक स्टॅटिक' करून तो आकडा भरला की पुरे. एनव्हीआरवर पत्ता हाताने भरला असेल तर गेटवेही, म्हणजे बाहेर जायच्या राउटरचा पत्ताही, नक्की तपासा. जुन्या राउटरचा गेटवे तसाच राहिला तर घरात चित्र दिसतं आणि बाहेरून दिसत नाही, कारण एनव्हीआरला उत्तर कुठून पाठवायचं तेच कळत नाही. बाहेरून पाहण्याच्या कामात नुसत्या गेटवेपायी होणारी अडवणूक फार मोठी आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या एनव्हीआरला मागे पीओई पोर्ट (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे) आहेत, त्याचे कॅमेरे बहुधा एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर असतात. बाहेरून थेट कॅमेऱ्याला हाक मारायला जाऊ नका, एनव्हीआरलाच मारा.

आता दाराचा प्रश्न. बरेच इन्स्टॉलर एनव्हीआरचे ८०, ५५४ आणि ८००० हे पोर्ट सरळ बाहेर उघडतात. चित्र लगेच दिसतं, ग्राहक खूश होतो. पण स्टॅटिक आयपीवर उघडलेला पोर्ट स्कॅन करणाऱ्यांना सापडायला फार वेळ लागत नाही, आणि एकदा सापडलेला पत्ता बदलत नाही. २०१६ सालच्या मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) नेमके असेच डीव्हीआर आणि कॅमेरे, कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर, हजारोंनी ताब्यात घेतले होते. पासवर्ड बदलूनही सुटका होत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांमध्ये पासवर्डशिवाय हुकूम चालवता येणारी त्रुटी जाहीर झाली. फर्मवेअर कधीच अपडेट न होणाऱ्या बंद घरातल्या यंत्राला अशा त्रुटीपासून कोण वाचवणार? म्हणून एनव्हीआरचा एकही पोर्ट बाहेर उघडू नका. बाहेर दिसायचा तो फक्त वायरगार्ड.

हेक्सवर वायरगार्ड लावणं सोपं आहे. वायरगार्डच्या मेन्यूत नवा इंटरफेस करायचा. मूळ पोर्ट १३२३१ यूडीपी असतो, तो चालतो. त्या इंटरफेसला १०.१०.९.१/२४ असा पत्ता द्यायचा. फोनवर वायरगार्डचं ॲप टाकून नवी टनेल केली की ॲप किल्ल्यांची जोडी तयार करतं. फोनची पब्लिक किल्ली हेक्सच्या 'पिअर'मध्ये आणि हेक्सची पब्लिक किल्ली फोनच्या 'पिअर'मध्ये भरायची. लोक घाईत फोनची किल्ली फोनमध्येच चिकटवतात आणि मग तासभर शोधत बसतात. हेक्सवर पिअरच्या 'अलाउड ॲड्रेस'मध्ये १०.१०.९.२/३२, दुसऱ्या फोनला .३, तिसऱ्याला .४. एकच पत्ता दोन फोनना दिला तर नंतर भरलेला चालतो आणि आधीचा गप्प होतो. एकच संरचना दोन फोनवर कॉपी केली तर दोघं आळीपाळीने एकमेकांना ढकलतात. फोनवर 'एंडपॉइंट'मध्ये स्टॅटिक आयपी आणि पोर्ट, 'अलाउड आयपीज'मध्ये १९२.१६८.७३.०/२४ आणि १०.१०.९.०/२४. इथे चारही शून्यांचा पत्ता भरला तर फोनचं सगळं इंटरनेट चिपळूणच्या जोडणीतून फिरेल, ते बहुतेकांना नको असतं.

फायरवॉलमध्ये फक्त एक नियम वाढवायचा: इनपुट साखळीत, म्हणजे खुद्द राउटरकडे येणाऱ्या पाकिटांच्या नियमांत, यूडीपी १३२३१ ला परवानगी. नवा नियम नेहमी यादीच्या तळाशी जाऊन बसतो, म्हणजे 'लॅनमधून न आलेलं सगळं टाकून दे' या ओळीच्या खाली. तिथे त्याचा काही उपयोग नाही. माउसने ओढून त्या ओळीच्या वर आणा. वायरगार्डचा इंटरफेस लॅनच्या यादीत टाकला की बाहेरून राउटरचं विनबॉक्सही उघडता येतं. फॉरवर्ड साखळीत, म्हणजे राउटरमधून पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांत, वेगळं काही करावं लागत नाही, मूळ नियम टनेलमधून लॅनकडे जाऊ देतात.

वायरगार्डच्या वागण्याची सवय व्हावी लागते. तो 'जोडलं गेलं' असं कधी सांगत नाही. ज्याची किल्ली ओळखीची नाही त्याला तो उत्तरच देत नाही, म्हणून स्कॅन करणाऱ्याला तो पोर्ट दिसत नाही. ऑनलाइन पोर्ट तपासणाऱ्या साइट बहुधा टीसीपी तपासतात, त्यांच्यावर हा बंदच दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नका. हेक्सवर पिअरच्या ओळीत 'लास्ट हँडशेक', म्हणजे दोन टोकांची शेवटची ओळख कधी पटली ते, बघा. तो रिकामा असेल तर फायरवॉलच्या त्या एका नियमासमोरचा पाकिटांचा आकडा बघा. फोनवरून प्रयत्न करताना आकडा वाढत असेल तर पाकीट घरापर्यंत येतं आहे, चूक किल्लीत आहे. आकडा शून्यावरच असेल तर पाकीट वाटेतच हरवतं: ओएनटी अजून राउटर मोडमध्ये आहे, पत्ता अजून सीजीनॅटचाच आहे, किंवा नियम ड्रॉपच्या खाली पडला आहे. हा एक आकडा पाहिला तर कंपनीच्या ग्राहक सेवेशी नेमकं काय बोलायचं ते कळतं. आणि तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच तपासा, घरच्या वायफायवरून घरचाच सार्वजनिक पत्ता उघडण्याचा प्रयत्न फसवा असतो.

लॉगिन होतं, यादी दिसते, पण चित्र काळं राहतं, अशी तक्रार आली तर एमटीयूकडे, म्हणजे पाकिटाच्या कमाल लांबीच्या सेटिंगकडे, वळा. पीपीपीओईमध्ये पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ असते. वायरगार्ड त्यावर स्वतःचे ८० बाइट घेऊ शकतो. म्हणून मूळच्या १४२० ऐवजी दोन्ही टोकांना १४१२ करा. मोबाइल नेटवर्क तरीही कुरकुर करत असेल तर फोनवर १२८० टाका. वेगात थोडा फरक पडतो, पण चित्र येतं.

वेगाची काळजी हेक्सने करायची वेळ सहसा येत नाही, ती घरच्या अपलोडची असते. १०८० पिक्सेलच्या चार कॅमेऱ्यांचे मुख्य प्रवाह प्रत्येकी ४ एमबीपीएसचे ठेवले तर एकदम पाहायला १६ एमबीपीएस अपलोड लागतो. उपप्रवाह, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र, ५१२ केबीपीएसचा ठेवला तर चौघांना मिळून २ एमबीपीएस पुरतात. बाहेरून चारही चौकटी उपप्रवाहावर पाहाव्यात आणि एखादा कॅमेरा मोठा करताना मुख्य प्रवाह घ्यावा.

कोकणातल्या घरासाठी हेक्सचा मला सर्वांत आवडलेला गुण विजेचा आहे. सोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर येतो, पण यंत्र ८ ते ३० व्होल्टवर चालतं. म्हणजे १२ व्होल्टचा साधा मिनी यूपीएस ओएनटी आणि हेक्स दोघांनाही चालतो. पिनचा आकार आणि मधली पिन धन आहे ना, एवढं बघून घ्या. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचाच असतो, त्याच्या लेबलवर अँपिअर वाचून यूपीएस निवडा. एनव्हीआर आणि पीओई स्विच मात्र मोठ्या यूपीएसवरच लावावे लागतात. पावसाळ्यात काचेच्या तंतूतून आकाशातली वीज आत येत नाही, पण अंगणातल्या कॅमेऱ्यांपर्यंत गेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून येते. म्हणून बाहेरचे कॅमेरे हेक्सच्या पोर्टमध्ये थेट खोचू नका. मध्ये एक स्वस्त पीओई स्विच ठेवा. आघात झालाच तर तो आधी जाईल.

वीज जाऊन आल्यावर हेक्स स्वतः उठतो आणि डायलही करतो. त्यात घड्याळाची बॅटरी नाही, म्हणून इंटरनेटवरून वेळ जुळवणारा एनटीपी क्लायंट चालू ठेवा. फोनवरून हेक्सकडे येणाऱ्या जोडणीत चुकलेल्या वेळेने काही अडत नाही. पण पुण्याच्या फ्लॅटमध्येही वायरगार्ड असेल आणि गावचा हेक्स तिकडे हाक मारत असेल, तर घड्याळ मागे पडलेल्या हेक्सचा हँडशेक समोरचा नाकारतो, जुनंच पाकीट पुन्हा आलं असं समजून. एनटीपीने वेळ जुळली की जोडणी आपोआप लागते. दोन्ही घरांत स्टॅटिक आयपी असेल तर आणखी एक पक्कं कुलूप मिळतं: १३२३१ च्या नियमात 'सोर्स ॲड्रेस' म्हणून पुण्याचा पत्ता भरायचा. मग त्या नियमातून दुसऱ्या कोणाचं पाकीट शिरत नाही. फोनना हे लागू करता येत नाही, त्यांचे पत्ते बदलत असतात. त्यांच्यासाठी वेगळा पोर्ट आणि वेगळा वायरगार्ड इंटरफेस ठेवा.

'आयपी'मधल्या 'सर्व्हिसेस'मध्ये टेलनेट, एफटीपी, वेब आणि दोन्ही एपीआय बंद करा. विनबॉक्सला फक्त घरचा आणि टनेलचा पट्टा द्या. हे का, ते मायक्रोटिकच्याच इतिहासात आहे. एप्रिल २०१८ मध्ये विनबॉक्सच्या ८२९१ पोर्टमध्ये पासवर्ड वाचता येणारी त्रुटी सापडली. कंपनीने दुरुस्ती लगेच दिली, पण ती न घेतलेले आणि तो पोर्ट बाहेर उघडा ठेवलेले लाखो राउटर पुढे क्रिप्टो खणण्याच्या कामाला जुंपले गेले. मूळ फायरवॉल शाबूत असलेल्यांना बाहेरून धोका नव्हता.

दुरून सेटिंग बदलताना आधी विनबॉक्सचं 'सेफ मोड' दाबा. चुकीच्या नियमाने जोडणी तुटली तर हेक्स बदल स्वतः मागे घेतो. हे एक बटण नसेल तर एका चुकीसाठी पुण्याहून चिपळूणला जावं लागेल. घरी परतण्याआधी बॅकअप काढून लॅपटॉपवर घ्या. मजकुराची एक्सपोर्ट फाइलही काढा, पण सातव्या आवृत्तीत ती गुपितं लपवते, म्हणजे वायरगार्डची खाजगी किल्ली त्यात नसते. ती हवी असेल तर 'शो सेन्सिटिव्ह'सह काढा आणि फाइल जपून ठेवा.

स्टॅटिक आयपी मिळतच नसेल तर हा जुना हेक्स घेऊ नका. मायक्रोटिकची 'बॅक टू होम' सेवा सीजीनॅटमागूनही चालते, पण ती एआरएमसारख्या मोजक्या जातींच्या प्रोसेसरवरच आहे, आणि जीआर३ चा प्रोसेसर एमआयपीएस जातीचा आहे. झिरोटियर या तशाच दुसऱ्या सेवेचं पॅकेजही त्यावर मिळत नाही. अशा घरासाठी २०२४ मध्ये आलेला नवा हेक्स बघावा. त्यात एआरएम प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि १२८ एमबी स्टोरेज आहे, त्यामुळे अपडेटच्या जागेची तक्रारही मिटते. दोघांच्या किमतीत फारसा फरक नसेल तर स्टॅटिक आयपी असूनही नवाच घ्या. सार्वजनिक पण बदलता पत्ता मिळत असेल, तर जीआर३ वर 'आयपी क्लाउड' चालू केलं की मायक्रोटिककडून एक कायमचं नाव फुकट मिळतं. एंडपॉइंटमध्ये ते भरलं की स्टॅटिक आयपीचं शुल्क वाचतं. मात्र पत्ता बदलला की चालू टनेल तुटते. फोनवरची टनेल बंद करून पुन्हा लावली की ॲप नाव नव्याने शोधतं आणि चित्र परत येतं.